ओळखीची चाळणी आणि अनोळखी माणूस

दारावरची पत्रपेटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पेटीला कुलूप असते, पण वरची फट उघडी असते. त्या फटीतून आप्तांचे पत्र येते, विजेचे बिल येते आणि कुठल्या तरी दुकानाच्या सेलचा कागदही येतो. फट बंद केली तर सेलचा कागद थांबेल, पण पत्रही थांबेल. संगणकांच्या जाळ्यावरील संदेशवहनाला ही अडचण जवळजवळ जन्मापासून चिकटलेली आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरातीचा संदेश पाठवला. न मागता, ढिगाने येणाऱ्या अशा संदेशांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. त्यानंतर त्यावर उपाय निघत गेले आणि स्पॅम करणारे त्या उपायांवर मात करत गेले.

अलीकडे या प्रश्नावर एक उपाय मोठ्या आशेने सांगितला जातो. तो असा : ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्यांच्या, आणि ते ज्यांना ओळखतात त्यांच्या, नोंदी तेवढ्या दाखवाव्यात; बाकीच्या गाळून टाकाव्यात. ही कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागे चांगले गणितही आहे. परंतु तिच्याकडून जेवढी अपेक्षा केली जाते तेवढी ती पुरी करू शकत नाही, आणि निष्काळजीपणे वापरल्यास ती एक नवा अन्याय निर्माण करते, असे आमचे मत आहे. ते मत कशाच्या आधारावर बनले, हे या लेखात मांडायचे आहे.

दार एक नसलेले घर

फेसबुक किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांसारख्या माध्यमांत सर्व खाती एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाला बाहेर काढायचे हे ती कंपनी ठरवते आणि स्पॅम आवरण्याचे कामही तीच करते. एवढी सत्ता एका हाती नको, या विचारातून विकेंद्रित माध्यमे पुढे आली. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनमध्ये हजारो स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने एका ज्येष्ठ वकिलाचे खाते बंद केल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय मंडळी तेथे गेली होती, हे काही वाचकांना आठवत असेल. २०२० साली आलेले नॉस्टर आणखी एक पाऊल पुढे जाते. तेथे खाते म्हणजे केवळ चाव्यांची एक जोडी असते : एक गुप्त, एक जाहीर. गुप्त चावी म्हणजे २५६ बिटांची एक यादृच्छिक संख्या. ती निवडायला कोणाची परवानगी लागत नाही.

नेमकी येथेच मेख आहे. परवानगी लागत नाही म्हणून कोणतेही सरकार किंवा कंपनी आपल्याला गप्प बसवू शकत नाही. परंतु त्याच कारणाने घरातला साधा संगणकही काही मिनिटांत लाखभर खाती तयार करू शकतो. एक खाते अडवले की दुसरे तयार. चोराने दर पावलाला नवा चेहरा लावावा, तसा हा प्रकार आहे.

मॅस्टोडॉनलाही याचा चटका बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोणाचीही देखरेख नसलेल्या, पण नावनोंदणी खुली असलेल्या अनेक छोट्या सर्व्हरांवर आपोआप खाती उघडली गेली आणि तेथून इतर सर्व्हरांवरील लोकांना उद्देशून स्पॅमचा मारा झाला. त्या महिन्यातच मॅस्टोडॉनच्या कर्त्यांनी असा बदल केला की, एखाद्या सर्व्हरवर आठवडाभर कोणी नियंत्रक फिरकला नाही, तर तेथील खुली नोंदणी आपोआप बंद होऊन परवानगीची अट लागू व्हावी. म्हणजे दार एक नसले तरी प्रत्येक दारावर कोणी तरी हवाच, हे मान्य करावे लागले.

कल्पनेची मजबूत बाजू

या दुखण्याचे शास्त्रीय निदान बरेच आधी झाले होते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन डौसर यांनी २००२ साली एका निबंधात दाखवले की, ओळख पटवणारी कोणतीही मध्यवर्ती सत्ता नसेल, तर एकाच व्यक्तीने अनेक रूपे धारण करणे व्यवहारात रोखता येत नाही. या प्रकाराला त्यांनी ‘सिबिल हल्ला’ म्हटले. अनेक व्यक्तिमत्त्वे असलेल्या एका स्त्रीची कहाणी सांगणाऱ्या, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरून हे नाव आले.

मग मध्यवर्ती सत्ता नको आणि सिबिलही नको, हे जमावे कसे? येथे एक सुंदर निरीक्षण उपयोगी पडते. खोटी खाती हवी तेवढी काढता येतात, ती आपसात हवी तेवढी जोडताही येतात. परंतु खऱ्या माणसाने खोट्या खात्याला आपले म्हणणे, हा धागा स्पॅम करणाऱ्याला स्वतः निर्माण करता येत नाही; तो मिळवावा लागतो. म्हणून सर्व खाती ठिपके आणि ‘अमका तमक्याला फॉलो करतो’ हे बाण मानून नकाशा काढला, तर एका बाजूला खऱ्यांची दाट वस्ती दिसेल, दुसऱ्या बाजूला खोट्यांची दाट वस्ती दिसेल आणि दोहोंना जोडणारे पूल मात्र थोडे असतील. २००६ साली प्रसिद्ध झालेली सिबिलगार्ड ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

त्याआधी, १९९९ साली, राफ लेव्हियन यांनी ॲडव्होगाटो या संगणक-कारागिरांच्या संकेतस्थळावर असाच एक प्रयोग केला होता. तेथे विश्वासाची कल्पना पाण्यासारखी केली होती. मूळ टाकी म्हणजे खात्रीचे काही सभासद. त्यांच्यापासून नळ निघतात, पुढे पुढे नळाची क्षमता कमी होत जाते. फसलेल्या सभासदाने खोट्या खात्याला नळ जोडून दिला, तरी त्या नळातून जेवढे पाणी जाईल तेवढीच खोटी खाती आत येतील. पलीकडे खोटी खाती दहा आहेत की दहा लाख, याने फरक पडत नाही. नुकसानीला वरची मर्यादा घालून देणारा हा विचार आम्हाला आजही या विषयातला एक उत्तम विचार वाटतो. २०१४ च्या सुमारास सुरू झालेल्या स्कटलबटमध्ये तर आपला संगणक आपले मित्र आणि मित्रांचे मित्र अशा ठरावीक पायऱ्यांपर्यंतचाच मजकूर आणतो. परका स्पॅम घरात येण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथपर्यंत आमचा काही वाद नाही. आता शंकांकडे वळू.

पहिली शंका : फॉलो म्हणजे विश्वास का?

या गणितात बाणाचा अर्थ ‘मी याची खात्री देतो’ असा धरला आहे. प्रत्यक्षात माणसे फॉलो का करतात? कोणी बातमीसाठी करतो, कोणी करमणुकीसाठी, कोणी विरोधक काय म्हणतात ते पाहण्यासाठी. आणि पुष्कळ जण निव्वळ शिष्टाचार म्हणून करतात : त्याने मला केले, मीही त्याला केले. लग्नाच्या आहेराची परतफेड करावी, तसे हे चालते.

हा शिष्टाचार किती महागात पडतो, याचा पुरावा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरने बंद केलेल्या ४० हजारांहून अधिक स्पॅम खात्यांचे बाण तपासले गेले. या खात्यांना फॉलो करणारे लोक बावळट किंवा नवखे असतील अशी आपली समजूत असते. आढळले ते वेगळेच. त्यांतले बरेचसे बाण थोड्याशा, स्वतः प्रामाणिक आणि लोकप्रिय असलेल्या खात्यांकडून आले होते. आपले अनुयायी वाढावेत म्हणून ही मंडळी येईल त्याला उलट फॉलो करत होती. म्हणजे ज्यांचा बाण सर्वांत वजनदार, तेच तो सर्वांत स्वस्तात देत होते. ‘पूल थोडे असतील’ हे गृहीतक येथे डळमळते.

दुसरी शंका : पायऱ्यांचा हिशेब

समजा, आपण १०० जणांना फॉलो करतो आणि त्यांतील प्रत्येक जण आणखी १०० जणांना. दुसऱ्या पायरीवर जास्तीत जास्त १०,००० खाती येतात, तिसऱ्या पायरीवर १०,००,०००. तीच नावे पुन्हा पुन्हा येत असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी भरतो, तरी वाढीचा वेग ध्यानात यावा. एक पायरी ठेवली तर जग फारच लहान राहते. तीन पायऱ्या ठेवल्या तर जवळजवळ सगळे गाव आत येते. म्हणून बहुतेकांचा कल दोन पायऱ्यांकडे असतो.

आता समजा, आपले मित्र चांगलेच सावध आहेत. एखाद्याने चुकून कुठल्या तरी स्पॅम खात्याला फॉलो केले असण्याची शक्यता केवळ २ टक्के आहे. शंभरही मित्र निर्दोष असण्याची शक्यता किती? ०.९८ चा शंभरावा घात काढावा. तो सुमारे ०.१३ येतो. म्हणजे कुठे तरी एक भोक असण्याची शक्यता ८७ टक्के! प्रत्येक जण जवळजवळ निर्दोष असूनही जाळे निर्दोष नाही. हे उदाहरण वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना फळ्यावर जरूर करायला द्यावे.

यावर उपाय म्हणून ‘निदान दोन मित्रांनी फॉलो केलेले खातेच आत घ्यावे’ असा नियम करता येतो. एका विशिष्ट स्पॅम खात्याला आपला एखादा मित्र फॉलो करत असण्याची शक्यता हजारात एक धरली, तर १०० मित्रांपैकी निदान एकाने तसे केले असण्याची शक्यता सुमारे ९.५ टक्के येते. निदान दोघांनी केले असण्याची शक्यता मात्र फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. सुधारणा जवळजवळ वीसपट झाली. परंतु या हिशेबात एक अट लपलेली आहे : मित्र परस्परांपासून स्वतंत्रपणे चुका करतात, ही. माणसे तशी वागत नाहीत. ‘तो करतो, म्हणून मीही करतो’ ही आपली रीत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १०२ यांत्रिक खाती आठ आठवडे फेसबुकवर सोडली होती. सामाईक मित्र जसे वाढत गेले तसे त्यांच्या मैत्रीच्या विनंत्या मान्य होण्याचे प्रमाण वाढत गेले आणि ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचले. पहिला मित्र मिळवणे अवघड. दुसरा त्यामानाने सोपा. चाळणीचे छिद्र लहान केले तरी दाणे एकमेकांना ढकलून पलीकडे नेत असतील, तर काय करावे?

तिसरी शंका : चाळणी काय मोजते?

ही शंका आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१० साली विश्वनाथ, मिसलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिबिलगार्डसह अशा अनेक पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. गणिते वेगवेगळी, पण सर्वांचा गाभा एकच निघाला : या पद्धती आपल्याभोवतीची घट्ट विणलेली वस्ती शोधतात आणि त्या वस्तीतल्यांना वरचे स्थान देतात. म्हणजे ही चाळणी ‘खरा की खोटा’ हे मोजतच नाही. ती ‘जवळचा की लांबचा’ हे मोजते. खऱ्या लोकांची एकच सलग वस्ती असती, तर दोन्ही गोष्टी एक झाल्या असत्या. परंतु खरी माणसे भाषेने, प्रदेशाने, व्यवसायाने वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात. एका वस्तीतून पाहिले तर दूरची, थोड्या पुलांनी जोडलेली खरी वस्ती आणि स्पॅम करणाऱ्याने उभारलेली खोटी वस्ती सारख्याच दिसतात.

आता एक उदाहरण घ्या. तालुक्याच्या गावातील एक शिक्षिका मुलांबरोबर केलेल्या विहिरींच्या पाण्याच्या निरीक्षणांविषयी लिहू इच्छिते. तिने आज खाते उघडले. तिला फॉलो करणारे कोणी नाही. आजच उघडलेल्या स्पॅम खात्यालाही फॉलो करणारे कोणी नाही. चाळणीच्या दृष्टीने दोघांचे गुण शून्य. फरक इतकाच की, स्पॅम करणारा हजार खात्यांनी हजार दारे ठोठावील आणि त्यांतले एखादे उघडेल. शिक्षिका दोन-चार वेळा लिहील, कोणी वाचत नाही म्हणून गप्प बसेल. ज्याला अडवायचे तो चिकाटीचा आणि जिला आत घ्यायचे ती संकोची, अशा ठिकाणी आंधळी चाळणी नेमके उलटे काम करते.

आपल्या भाषेत या प्रकाराला जुना शब्द आहे : वशिला. ओळखीने काम होणे आणि ओळख नसल्याने अडणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू. वशिल्याला आपण नावे ठेवतो. मग तोच संगणकाच्या आज्ञावलीत घातला की तो विश्वासाचे जाळे होतो काय?

विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. १९२४ साली ढाक्याचे प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक छोटा निबंध बर्लिनला आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. दोघांची प्रत्यक्ष ओळख नव्हती. आइन्स्टाइन यांनी निबंध वाचला, त्याचे महत्त्व ओळखले, स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापवून आणला. बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीचा जन्म अशा एका अनोळखी पत्रातून झाला. आइन्स्टाइन यांच्याकडे विक्षिप्तांची पत्रेही कमी येत नसतील. तरीही त्यांनी पाकिटावरचे नाव न तोलता आतला मजकूर तोलला.

चौथी शंका : जाळ्याची किंमत

ओळखीची चाळणी चालायची, तर कोण कोणाला फॉलो करतो हे इतरांना दिसावे लागते. नॉस्टरमध्ये ही यादी सहसा जाहीरच असते. म्हणजे स्पॅमपासून सुटका हवी, तर आपल्या संबंधांचा नकाशा चव्हाट्यावर मांडायचा. एखाद्या पत्रकाराला किंवा चळवळीतल्या कार्यकर्त्याला ही किंमत परवडेलच असे नाही. शिवाय गुप्त चावी चोरीला गेली, तर चोराला नुसते खाते मिळत नाही, त्या खात्यावरचा सगळा विश्वास मिळतो. आणि तो परत घेणारी मध्यवर्ती सत्ता तर आपणच नाकारलेली.

जाळ्यावरही स्पॅम टाकता येतो, हेही अनुभवाला आले आहे. पीजीपी या गुप्तलेखनाच्या पद्धतीत १९९० च्या दशकापासून लोक एकमेकांच्या चाव्यांवर सह्या करून ‘विश्वासाचे जाळे’ विणत आले. कोणीही कोणाच्याही चावीवर सही करू शकतो, हे त्यातले औदार्य. २०१९ साली कोणी तरी काही नामवंत चाव्यांवर सुमारे दीड लाख निरर्थक सह्या ओतल्या. त्या चाव्या उतरवून घेणाऱ्यांची आज्ञावली ठप्प होऊ लागली. शेवटी ग्नूपीजीच्या कर्त्यांनी चावी-सर्व्हरांवरून येणाऱ्या परक्या सह्या न स्वीकारणे हाच मूळ नियम केला. स्पॅम रोखण्यासाठी सुचवलेले साधन स्पॅमखाली दबले, यापेक्षा बोलका धडा कोणता?

मग काय करावे?

दुसरे उपाय निर्दोष आहेत असे नाही. प्रत्येक संदेशाबरोबर संगणकाला एक किचकट कोडे सोडवायला लावावे, ही कल्पना ड्वर्क आणि नाओर यांनी १९९२ साली मांडली आणि १९९७ साली हॅशकॅशमध्ये ती उतरली. पण स्पॅम करणारा दुसऱ्यांचे बळकावलेले संगणक वापरतो. कोडे जड जाते ते जुना मोबाइल वापरणाऱ्याला. पैसे आकारले तर गरीब बाहेर राहतो. म्हणून ओळखीची चाळणी टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. तिचा हुद्दा बदलावा, असे म्हणतो. ती चांगली कारकून आहे, न्यायाधीश म्हणून मात्र अपात्र आहे.

कारकुनाचे काम कागदांची वर्गवारी करण्याचे, ते फाडण्याचे नव्हे. मॅस्टोडॉनने ऑक्टोबर २०२४ मधील आवृत्तीत घेतलेला मार्ग या दृष्टीने समंजस वाटतो. आपण फॉलो न करणाऱ्यांच्या किंवा गेल्या ३० दिवसांत उघडलेल्या खात्यांच्या सूचना वेगळ्या कप्प्यात टाकता येतात. तो कप्पा सवडीने उघडून पाहता येतो. दार बंद नाही, ओटीवर बसायला जागा आहे.

तेव्हा अशी कोणतीही योजना समोर आली, तर चार प्रश्न विचारावेत. गाळलेला मजकूर कुठे जातो : कप्प्यात की कचऱ्यात? जाळ्याचे मूळ कोण : प्रत्येक वाचक स्वतः, की कोणी ठरवून दिलेली मोठ्या नावांची यादी? दुसऱ्या पर्यायात टाळलेली मध्यवर्ती सत्ता मागच्या दाराने परत येते. फॉलो आणि खात्री हे दोन बाण वेगळे ठेवले आहेत काय? आणि शेवटचा प्रश्न : ज्याला कोणी ओळखत नाही अशा प्रामाणिक माणसाने आत येण्याची वाट कोणती? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बाकीची हुशारी फुकट आहे.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर अशी तीन नावे गुप्तपणे लिहावीत, ज्यांनी सांगितलेली बातमी तो न तपासता खरी मानील. शिक्षकांनी नावांऐवजी क्रमांक वापरून बाणांचा नकाशा फळ्यावर काढावा. मग एका क्रमांकापासून दोन पायऱ्यांत कितीजण सापडतात ते मुलांनी मोजावे. कोणताही बाण न पोचलेले एक-दोन ठिपके बहुधा राहतीलच. कोणाचा क्रमांक कोणता, हे उघड करू नये. एवढेच विचारावे : हे ठिपके खोटे आहेत का? त्या मुलांशी बोलल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही, हे वर्गाला आपोआप कळेल. त्यांच्यापैकी एखादा कदाचित गेल्याच आठवड्यात शाळेत दाखल झाला असेल.